आर्थर अव्हेन्यूची बडीशेप

न्यूयॉर्कला आलेले पाहुणे 'लिटल इटली' म्हणून मॅनहॅटनमधली मलबेरी स्ट्रीट बघून परततात. माझ्याकडे येणाऱ्यांना मी ब्रॉंक्समधल्या आर्थर अव्हेन्यूवर नेते. इथला छपराखालचा बाजार महापौर ला ग्वार्डिया यांनी १९४० साली हातगाडीवाल्यांसाठी उघडला. तो आजही चालू आहे.

खाटकाच्या काचेमागे सॉसेजच्या माळा असतात. डुकराचं जाडसर कुटलेलं मांस, चरबी, मीठ, मिरी आणि बडीशेप, आतड्याच्या पातळ आवरणात भरलेलं. गोव्याच्या चोरीसची सवय असलेल्यांना यात व्हिनेगरचा आंबटपणा सापडणार नाही. हे वाळवलेलंही नसतं. कच्चंच असतं, म्हणून आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजवायचं. ढोबळी मिरची आणि कांद्याबरोबर परतून पावात घातलं की झालं.

'स्वीट' मागितलं तर साखर मिळेल असं समजू नका. तिखट नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपला गोडा मसाला तरी कुठे गोड असतो? 'हॉट'मध्ये सुक्या लाल मिरचीचे तुकडे असतात. चीज आणि पार्स्ली घातलेल्या बारीक सॉसेजचं जिलबीसारखं वेटोळं असतं.

गंमत म्हणजे इटलीत 'इटालियन सॉसेज' असा प्रकारच नाही. तिथे प्रत्येक प्रांताचं सॉसेज वेगळं. उत्तरेतलं 'लुगानेगा' म्हणजे गाठी न मारलेली लांब दोरी, पण नाव मात्र दक्षिणेतल्या लुकानिया प्रांतावरून पडलेलं. कलाब्रियातलं तिखटजाळ 'न्दूया' चक्क पावावर फासतात. १८८० ते १९२० दरम्यान चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत आले. त्यातले बहुतेक दक्षिणेतले, गरीब. त्यांच्या स्वयंपाकघरातली बडीशेप इथे साऱ्या इटलीची ओळख झाली. आज 'इटालियन सॉसेज' असं लेबल लावायचं तर त्यात बडीशेप किंवा अनीस असलंच पाहिजे, असा अमेरिकी सरकारचा नियम आहे.

या गल्लीतली बरीच कुटुंबं कधीच उपनगरांत गेली. त्यांच्या जागी अल्बेनियन आणि मेक्सिकन मंडळी आली. तरी नातवंडं नाताळच्या खरेदीला गाडी काढून इथेच येतात. आजीची बोली बऱ्याच जणांना येत नाही, पण काउंटरवर काय मागायचं ते पक्कं ठाऊक असतं.

त्यांची चव टिकली, कारण ती इथेच कुटली गेली. आपला गोडा मसाला अजून पुण्या-मुंबईहून बॅगेतून येतो. या दिवाळीत मुलांना हाताशी घेऊन तो घरीच भाजायला काय हरकत आहे?