सिंगापूर तीन दिवसांत संपतं? कोण म्हणतं!

ऑनसाइट! ऑफिसात हा शब्द नुसता उच्चारला तरी आजूबाजूच्या चार खुर्च्या वळतात. त्यात गाव सिंगापूर आणि मुक्काम तीन आठवड्यांचा असेल, तर पार्टी देणं आलंच. मग सुरू होतात सल्ले. त्यातला सगळ्यांत कॉमन म्हणजे, ‘तीन आठवडे? अरे, सिंगापूर तीन दिवसांत संपतं!’ हे सांगणारे बहुतेक टूरच्या बसमधून फिरून आलेले असतात. मर्लायनसमोर फोटो, सेंटोसा, युनिव्हर्सल स्टुडिओज, मुस्तफात शॉपिंग, की झालं.

या सल्ल्याचा परिणाम मात्र वाईट होतो. माझ्या ओळखीतली एक सॉफ्टवेअरवाली दोन महिने तिथे राहून आली. पहिल्याच वीकएण्डला तिने ‘सगळं’ बघून टाकलं. उरलेल्या संध्याकाळी काय, तर अपार्टमेंट, लॅपटॉप आणि घरून नेलेली रेडी-टू-ईट खिचडी. वाचवलेल्या अलाउन्समधून नवा फोन आला, पण शहराबद्दल विचारलं तर उत्तर, ‘क्लीन आहे.’ दोन महिन्यांचं सार दोन शब्दांत!

तेव्हा प्लॅनच उलटा करा. बघायच्या जागांची यादी नंतर, आधी जेवणांची. रोज एक जेवण एका नव्या एरियात आणि त्याच्या आधी-नंतर तिथेच पायी भटकंती. शहर आपोआप बघून होतं. आणि अलाउन्सची काळजी नको. हॉकर सेंटरमध्ये साधारण पाच-सहा सिंगापूर डॉलरमध्ये पोट भरतं. म्हणजे फोनसुद्धा येईल!

हॉकर सेंटर हा तिथला खरा फंडा. एकेकाळी सिंगापूरच्या रस्त्यांवर आपल्यासारख्याच गाड्या लागायच्या. 1970च्या दशकात सरकारने त्या विक्रेत्यांना लायसन्स, नळ आणि डोक्यावर छप्पर देऊन एकेका जागी बसवलं. गाडी गेली, चव राहिली. 2020मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या खाऊगल्ल्यांचं काय करायचं यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं चर्चा चालते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. असो.

तिथले काही नियम आधी माहीत हवेत. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा ‘धरलेली’ असते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांना हे समजावून सांगायला नकोच. खाऊन झालं की ट्रे स्वतः उचलून ठेवायचा, 2021पासून ते सक्तीचं आहे. स्टॉलवाल्यांना अंकल, आंटी म्हणायचं. आणि वेळ सांभाळायची. गाजलेले कितीतरी स्टॉल दुपारीच संपतात, काही सोमवारी बंद असतात. म्हणून चायनाटाउनजवळच्या मॅक्सवेल सेंटरमधला चिकन राइस शनिवारी दुपारी ठेवा, ऑफिस सुटल्यावर नको. उलट लाउ पा सात ही ऑफिसांच्या गर्दीतली जुनी मंडई संध्याकाळसाठीच. शेजारचा बून तात रस्ता रात्री गाड्यांना बंद करतात आणि तिथे निखाऱ्यांवर साते भाजायला घेतात. धूर, शेंगदाण्याची चटणी, डोक्यावर काचेचे टॉवर... एकदम भन्नाट!

सकाळी कोपी, म्हणजे कॉफी. पण नुसतं ‘कोपी’ म्हणालात तर कंडेन्स्ड मिल्कचा गोड मारा होतो. ‘कोपी-ओ’ म्हणजे बिनदुधाची, पण साखरेची. ‘कोसोंग’ जोडलं की साखर बाद, ‘पेंग’ म्हटलं की बर्फ. सोबत काया टोस्ट. काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी आणि साखरेचा जॅम. बाजूला अर्धकच्ची अंडी सोया सॉस घालून. पहिल्या दिवशी तोंड वाकडं होतं, चौथ्या दिवशी त्याशिवाय चालत नाही.

आणि व्हेज मंडळी? घाबरू नका, पण डोळे उघडे ठेवा. हिरवीगार भाजी दिसली तरी तिच्यात बेलाचान, म्हणजे कोळंबीची पेस्ट असू शकते. कधी डुकराची चरबीही असते. सोपा उपाय म्हणजे चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल. तिथे बऱ्याचदा कांदा-लसूणही वर्ज्य. आजीचा चातुर्मासही निभावेल! घरची आठवण फारच आली तर सेरंगून रोडवर 1947पासूनचं कोमला विलास आहे. पण तिथे रोज जायचं नाही, हा माझा कडक नियम.

आता संध्याकाळी. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ, त्यामुळे वर्षभर सूर्य सातच्या आसपास मावळतो. सहाला सुटलात तर हातात तासभर उजेड. तो बोटॅनिक गार्डन्सला द्या. 1859ची ही बाग 2015मध्ये जागतिक वारसा झाली. पहाटे पाच ते मध्यरात्रीपर्यंत उघडी आणि फुकट! एखाद्या दिवशी गार्डन्स बाय द बेमध्ये पावणेआठ किंवा पावणेनऊचा सुपरट्री लाइट शो, तोही फुकट. मर्लायनला पाच मिनिटं पुरे. मेट्रोने जाताना धोबी घाट नावाचं स्टेशन लागलं तर दचकू नका, हिंदुस्थानातून गेलेले धोबी खरंच तिथे कपडे धुवायचे. आणि हो, मेट्रोत खाणं-पिणं बंद, ड्युरियन नावाचं वासाडं फळ नेणंही बंद.

सुट्टीचे दिवस लांबच्या जागांना. माझी पहिली पसंती पुलाव उबिन. चांगी पॉइंटहून बारा माणसं जमली की लाकडी होडी सुटते (शेअर रिक्षाच म्हणा) आणि दहा मिनिटांत बेटावर. भाड्याची सायकल घ्यायची आणि काचेचं सिंगापूर विसरायचं. पत्र्याच्या छपराची घरं, रानडुकरं, चेक जावाची पाणथळ जमीन. परतताना चांगी व्हिलेजमध्ये नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, खाल्ल्याशिवाय यायचं नाही. दुसरा दिवस कातोंगचा. रंगीत टाइल्सची पेरानाकान घरं बघायची आणि लाक्सा प्यायचा. हो, प्यायचा! नूडल्स कापलेल्या असतात, चमच्यानेच भागतं. छत्री कायम जवळ ठेवा, पाऊस विचारून येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात नवीन काही शोधू नका. पहिल्या दोन आठवड्यांत जे आवडलं, तिथेच परत जा. टुरिस्टला हे जमत नाही, त्याच्याकडे दिवसच नसतात. माझ्या मुक्कामात कोपीवाल्या अंकलने पंधराव्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत ‘ओ कोसोंग’ पुढे ठेवली आणि काल का आली नाहीस, असं दटावलंही. त्या दिवशी मी ठरवलेलं म्युझियम सोडून तासभर तिथेच बसले. शेजारच्या टेबलावरच्या दोन आजोबांनी मला कोणत्या स्टॉलचं चार क्वे त्याओ खायचं ते सांगितलं, मग त्यावरून दोघांचं आपसात वाजलं. मी दोन्हीकडचं खाल्लं. पहिले आजोबा बरोबर होते.

निघताना कायाची बाटली घ्यायची असेल तर चेक-इन बॅगेत टाका, केबिन बॅगेत ती अडवतात. खिचडीची पाकिटं नेली नाहीत तर जागा भरपूर असेल.