अब्बांची स्कूटर

अब्बांचा इंतकाल होऊन दोन महिने झाले, तरी त्यांच्याच नावावरच्या स्कूटरवरून मी शाळेत जात होतो. आरटीओबाहेरचा एजंट म्हणाला, "सर, ३० दिवसांत कळवायचं असतं, ते राहिलंच. आता तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ तरी भरा. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणा. अन् बाकी वारसांची ना-हरकत. बहिणीची सही घ्या की झालं."

सही घ्या की झालं! आपाने कागद न वाचताच पेन उचललं. "तू चला रे, मेरेकू क्या करना है?" वाचल्याशिवाय सही करू नका, असं वर्गात पोरांना बजावणारा मी. कागद मागे घेतला.

स्कूटरची किंमत २४ हजार धरली. शरीयतप्रमाणे अम्मीचा आठवा हिस्सा, ३ हजार. उरलेल्यात माझे दोन वाटे, आपाचा एक. तिचे ७ हजार. मुलीचा हिस्सा कुरआनात आहे हे आपण अभिमानाने सांगतो, आणि घरी ना-हरकत मागतो.

अम्मीने पैसे घेतले. आपा आधी नको म्हणाली, मग रडली. अब्बांच्या वस्तूत तिचंही काही आहे, हे तिला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. सही तिने त्यानंतर केली, वाचून.

गावाकडची दीड एकर अजून अब्बांच्याच नावावर आहे. तिचा सातबारा मी अजून काढलेला नाही.