मधुमेहाच्या माथी

मधुमेह जुना आणि लघवीत प्रथिन, एवढी दोन प्रमाणे हाती आली की मूत्रपिंडाच्या विकाराचा सारा दोष मधुमेहाच्या माथी मारून मोकळे व्हावे, हा आम्हा डॉक्टरांना नेहमीचा मोह. आणि तो तर्क पुष्कळदा खराही ठरत असल्यामुळेच जिथे तो खोटा असतो तिथे फार घात करतो. गावात चोरी झाली की पंचनाम्याआधीच एखाद्या बदनाम इसमाच्या दारी शिपाई धाडावेत, तशातलाच हा प्रकार.

किमेलस्टील आणि विल्सन यांनी 1936 साली मधुमेहींच्या मूत्रपिंडातील ज्या गाठींचे वर्णन केले, त्या विकाराची चाल बहुधा संथ असते: आधी लघवीत अल्ब्युमिनचा लेश, मग हळूहळू वाढत जाणारे प्रथिन, चढता रक्तदाब, आणि बहुधा कित्येक वर्षांनंतर क्रिएटिनिनची वाढ. हा क्रम जिथे मोडतो तिथे मी थबकतो. अंगावर एकाएकी सूज चढून दिवसाकाठी साडेतीन ग्रॅमहून अधिक प्रथिन वाहू लागले, किंवा काही आठवड्यांतच क्रिएटिनिन दुप्पट झाले, तर मी लघवीचा ताजा नमुना मागवून त्याचा गाळ स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. त्यात वेड्यावाकड्या आकाराच्या तांबड्या पेशी आणि त्यांचे कास्ट दिसले, तर मधुमेहाखेरीज दुसऱ्या कोणाचा तरी तपास करणे प्राप्त होते. नेत्रपटल निर्दोष असणे ही साक्ष मोलाची खरी, परंतु प्रौढ वयात जडलेल्या मधुमेहात ती निर्णायक नव्हे; शिवाय हा मधुमेह निदानापूर्वी कित्येक वर्षे अंगात मुरलेला असू शकतो, सबब मुदतीचा हिशेबही सावधपणेच मांडावा लागतो. पायाच्या चिघळलेल्या जखमेमागून आलेला मूत्रपिंडदाह, आयजीए नेफ्रोपॅथी, मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी, हे सारे मधुमेहाच्या आडोशाला बसू शकतात, आणि कधी त्याच्याबरोबरच नांदतात.

कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रुन यांनी 1951 साली सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हापासून शंकेचे निरसन शक्य झाले. तथापि रक्तस्रावाचे भय असल्याने सरसकट सगळ्यांना सुई टोचणे मला मान्य नाही. मेम्ब्रेनस विकारातील एका प्रतिपिंडाचा 2009 साली शोध लागल्यापासून काही रुग्णांत रक्ताची चाचणीच बराचसा उलगडा करते. एवढी यातायात अशासाठी, की उपचार इथे निदानावर ठरतात: स्टेरॉइडने एकाचे मूत्रपिंड तरेल, तर दुसऱ्याची साखर व्यर्थ भडकेल आणि जखमेतला जंतू बळावेल.