मांबलमचे डास आणि फायटरची पिल्लं

मासे पाळणं त्यामानाने सोपं. त्यांची पिल्लं जगवणं अवघड!

यंदा आमच्या फायटर माशाने पाण्यावर फेसाचं घरटं बांधलं आणि आठवड्याच्या आत शंभरएक पिल्लं पोहायला लागली. एकेक पिल्लू स्वल्पविरामाएवढं. दुकानातली भुकटी त्यांच्या तोंडात मावत नाही, आणि न हलणारं अन्न ती बहुधा खातच नाहीत. म्हणजे जिवंत खाऊ हवा.

"बादलीभर पाणी गॅलरीत उघडं ठेवा, थोडी मोठी झाली की डासांच्या अळ्या द्या. फुकटचं काम!" असा सल्ला एका ओळखीच्यांनी दिला. पण आम्ही राहतो चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये. इथली जुनी माणसं अजूनही मांबलमच्या डासांचे किस्से सांगतात. शिवाय वरच्या मजल्यावरच्या मामींचा नातू गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने पाच दिवस दवाखान्यात होता. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे भिंतीवर वाचत मोठी झालेली मी, माशांसाठी डास कशी वाढवणार?

मग लेकाने आणि मी दुसरा मार्ग धरला.

पहिले काही दिवस: बरणीत फिशटँकचंच पाणी आणि कोबीच्या पानाचा तुकडा. तीन-चार दिवसांत पाणी गढूळ होतं, मग हळूहळू निवळतं. त्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव असतात. त्याचे थेंब पिल्लांना.

पुढे मायक्रोवर्म: घट्ट शिजवून गार केलेले ओट्स, चिमूटभर यीस्ट आणि कोलत्तूरच्या मासेबाजारातून आणलेलं चमचाभर विरजण. हो, आम्ही त्याला विरजणच म्हणतो! काही दिवसांत बारीक पांढरे कृमी डब्याच्या कडेवर चढतात. बोटाने पुसून घ्यायचे. इथे साठलेलं पाणीच नाही, त्यामुळे डासांचा प्रश्नच नाही.

आणि आर्टेमिया: लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम मीठ, पाव चमचा अंडी, खालून हवेचा पंप. चेन्नईच्या उकाड्यात २४ ते ३० तासांत नारिंगी पिल्लं बाहेर येतात. पंप बंद करून तळाशी टॉर्च धरला की ती उजेडाकडे गोळा होतात आणि टरफलं वर तरंगतात. फडक्यातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन द्यायची. पाच मिनिटांत फायटरच्या पिल्लांची पोटं नारिंगी दिसतात. लेक तेवढ्यासाठी सकाळी हाक न मारता उठतो!

घरचा नियम एकच: पाण्याच्या प्रत्येक बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं, वर घट्ट रबर. रिकामी झालेली बरणी त्याच दिवशी आतून घासायची, कारण डासाची अंडी कडेला चिकटून कोरडीही टिकतात.

बरण्यांची रांग पाहून मामी तडक खाली आल्या होत्या. त्यांना राग येणं साहजिकच होतं. लेकाने एकेक फडकं दाखवलं, रबर ओढून दाखवला. मामींनी चष्मा लावून प्रत्येक बरणी तपासली. आता दर शुक्रवारी त्या तपासणीला येतात. आम्हालाही ते बरंच वाटतं. चार डोळे जास्त.

आज साठेक पिल्लं आहेत. सगळी जगत नाहीत, हे लेकाला समजलंय. पण आपल्या माशांचं पोट भरताना शेजारच्या घरात ताप जाता कामा नये, हे त्याला त्याआधी समजलं.