पावणेसातची अपॉइंटमेंट

आमच्या नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत दुधीचा वेल आहे. बिया आईने गावाहून पुडीत बांधून दिलेल्या. वेल झकास वाढला, ग्रिलवर चढला, फुलंही आली. पण बोटाएवढा दुधी दिसला की चार दिवसांत पिवळा पडून गळायचा. एक नाही, दोन नाही, तब्बल सात! खत घातलं, पाणी कमी केलं, फवारणी केली. म्हणजे लॉग न बघताच कोड बदलत बसलो...

शेवटी आईला फोन केला. तिने एकच विचारलं, "फूल उमलतं तेव्हा तू घरी असतोस का रे?"

नसतो. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी कोमेजतं. तेव्हा मी ऑफिसात क्लायंट कॉलवर!

मग एका शनिवारी खुर्ची टाकून बसलोच. पावणेसातच्या सुमारास पांढऱ्या पाकळ्या उलगडल्या. अंधारात तोच रंग उठून दिसतो ना! कारण हा सगळा थाट रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी. तांबड्या भोपळ्याचं फूल पिवळं असतं, पहाटे उमलतं. त्याचं गिऱ्हाईक मधमाशी. दुकान ठरलेलं, वेळ ठरलेली.

दुधीत नर आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाखाली इवला दुधी आधीच असतो. पराग पोचला तर तो धरतो, नाहीतर गळतो. आणि पराग पोचवणार कोण? नवव्या मजल्यावर आधीच पतंग कमी, त्यात माझा ट्यूबलाईट रात्रभर चालू. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वित्झर्लंडच्या कुरणांवर रात्री दिवे लावले, तर फुलांवर येणाऱ्या कीटकांच्या फेऱ्या 62 टक्क्यांनी घटल्या होत्या!

त्या संध्याकाळी पतंगाचं काम मीच केलं. नर फूल तोडून पाकळ्या काढल्या आणि परागाचा दांडा मादी फुलात हलकेच फिरवला. चौथ्या दिवशी दुधी हिरवा होता. आठव्या दिवशी वीतभर!

आता बाल्कनीतला दिवा बंद असतो आणि कॅलेंडरवर पावणेसात ते सव्वासात ब्लॉक. फुलांचं काम पाच मिनिटांचं. उरलेला वेळ आईशी फोन. स्वयंपाकाआधी ती तेवढीच निवांत असते. माझा फोन मात्र इतकी वर्षं रात्री अकराला जायचा, ती पेंगुळलेली असताना.