पाण्यापलीकडचे नाव

आमच्या थोरलीचे नाव तिच्या दादीने ठेवले. सातव्या दिवशी अकीका झाला, पाहुणे जेवायला बसले आणि दादीने सगळ्यांसमोर नाव सांगितले : बेनझीर. नाव सर्वांना आवडले. अर्थही चांगला, उच्चारायलाही गोड. दादीला ते कुठून सुचले, हे त्या दिवशी कुणी विचारले नाही. आम्हीही नाही.

पंधरा वर्षांनी या नावावरून घरात शांतता पसरेल असे वाटले नव्हते. थोरली नववीत होती. वर्गात कुणीतरी म्हणाले, “हे नाव आपल्याकडचं नाही, सीमेपलीकडचं आहे.” काही मुले हसली. तासाला असलेल्या शिक्षकांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. थोरलीने घरी काहीच सांगितले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत रद्दी आवरताना तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्हाला तीन नावे लिहिलेली दिसली. साधी, कुणालाही चालतील अशी. प्रत्येकापुढे आमचे आडनाव लावून पाहिलेले.

विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली, “दहावीचा फॉर्म भरायच्या आधी नाव बदलता येतं ना? नंतर फार कागदपत्रं लागतात म्हणे.”

आमच्यापैकी एकाला राग आला, एकीला रडू आले. पण कुणावर रागवायचे? लेकराने तर फक्त सोपी वाट शोधली होती. आम्ही हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. पलंगावर तसबीह घेऊन बसलेल्या दादीने सगळे ऐकले होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मेरेकू कोई पूछ्याच नै, नाम कहाँसे लाई करके.”

मग तिने सांगितले. दादीचे माहेर राधानगरीचे. तिचे अब्बा तिथल्या बाजारात कपडे शिवत. लहानपणी ती भावंडांबरोबर धरणाच्या काठावर जायची. पलीकडे, पाण्याच्या मधोमध झाडीत एक घर दिसायचे. तिने अब्बांना विचारले, ते कुणाचे घर? अब्बा म्हणाले, शाहू महाराजांचे. त्याचे नाव काय? बेनझीर. त्या वयात दादीला एवढेच कळले, की राजाच्या घराचे नाव आपल्या घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेतले आहे. ते नाव तिने मनात जपून ठेवले आणि नात झाल्यावर तिला दिले.

“मी तिकडे कधी गेले नाही,” दादी म्हणाली. “काठावरूनच पाहिलं.”

त्याच आठवड्यात आम्ही निघालो. मामूंची गाडी मागून घेतली. डब्यात खिमा, भाकरी, कांदा, लोणचे, पाण्याचा मोठा थर्मास. फजरची नमाज पढून कोल्हापूर सोडले. राधानगरी इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. रस्त्याला भोगावती नदीची सोबत आणि दोन्ही बाजूंना ऊस. मे महिना असूनही शेते हिरवी होती. ही हिरवाई कुठून येते हे आम्हा शहरातल्या माणसांच्या ध्यानात येत नाही. ज्या धरणाकडे आम्ही चाललो होतो, तिथूनच ती येते.

गाडीत आम्ही मुलांना जेवढे ठाऊक होते तेवढे सांगत गेलो. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर बसले. त्यानंतर थोड्याच वर्षांत दुष्काळ आणि प्लेग असे दोन्ही घाले या मुलखावर पडले. पाण्यावाचून रयत वाचणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले आणि भोगावतीवर मोठे धरण बांधायचे ठरवले. संस्थान लहान, खर्च मोठा. पैशाअभावी काम मध्येच थांबले. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा धरण अपुरेच होते. ते पूर्ण झाले १९५७ मध्ये. आज त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात उघडले की कोल्हापुरात नदीकाठची माणसे सावध होतात. ज्याने बी लावले त्याने सावली पाहिली नाही, असे हे काम.

धाकट्याने विचारले, “राधानगरी म्हणजे राधेचं गाव का?” आम्ही सांगितले, महाराजांच्या लेकीचे नाव राधाबाई. तिच्या नावाने हे गाव वसले. आणि धरणाच्या तलावाला राणीचे, लक्ष्मीबाईंचे नाव. खिडकीबाहेर पाहत बसलेली थोरली एवढ्यावर पहिल्यांदा बोलली : “आणि घराला?”

“घराला तुझं,” दादी म्हणाली.

राधानगरीत दादीच्या अब्बांच्या दुकानाची जागा शोधली. तिथे आता मोबाइलचे दुकान आहे. दादी क्षणभर उभी राहिली, फातिहा पढली आणि गाडीत येऊन बसली.

हा सगळा भाग अभयारण्यात येतो. पुढचे दाजीपूरचे जंगल एके काळी कोल्हापूरच्या राजघराण्याचे शिकारीचे रान होते. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी राखीव झाले. पुढे हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झाले, सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारसा म्हटले, त्यांत हेही आहे. म्हणून वाटेल तिकडे गाडी घालायची नाही. वनखात्याच्या माणसांना विचारले, त्यांनी सांगितल्या वाटेने गेलो आणि गाडी सावलीला लावली.

समोर तलाव होता, पण मे महिन्यातला. पाणी खूप खाली गेले होते. काठाची माती भेगाळून तिच्यावर कोवळे गवत उगवले होते. पावसाळ्यात पाण्याने वेढले जाणारे ते उंच ठिकाण आता पायी गाठता येत होते. वर झाडीत भिंतींचा एक तुकडा दिसत होता.

दादीने कपाळावर हात धरून पाहिले. “तेव्हा एवढं पाणी होतं की घर तरंगतं आहे असं वाटायचं,” ती म्हणाली. गुडघ्यांमुळे तिला पुढे येता येत नव्हते. झाडाखाली चादर अंथरून दिली. एकाने तिच्याजवळ थांबायचे ठरवले, बाकीचे निघालो.

वाटेत एक म्हातारबाबा म्हशी चारत होते. डोक्याला मुंडासे, हातात काठी. कुठले पाहुणे म्हणून त्यांनी विचारपूस केली. पोरांची नावे विचारली. थोरली जरा घुटमळली. अलीकडे नाव सांगताना ती अशीच घुटमळायची. मग हळूच म्हणाली, “बेनझीर.”

बाबांनी काठीने वर दाखवले. “मग तुझाच की गं बंगला, पोरी! जा, बघून ये.” आणि म्हशीमागे निघून गेले. त्यांना यात नवल वाटले नाही, आणि त्यांना नवल वाटले नाही याचेच आम्हाला नवल वाटले. थोरली काही बोलली नाही, पण त्यानंतर ती आमच्या पुढे चालत होती.

वर पोहोचलो. वाचकहो, राजाचे उन्हाळी निवासस्थान म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे उभे राहते, त्यातले तिथे काही नाही. दगडी भिंती आहेत, पण घराचे घरपण गेलेले. दारे-खिडक्यांच्या जागी नुसती भगदाडे. जमिनीत गवत आणि झाडोरा. भिंतींवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कोळशाने, खिळ्याने आपापली नावे कोरलेली. मात्र प्रत्येक भगदाडातून पाणी दिसते, पाण्यापलीकडे जंगल दिसते आणि वारा असा येतो, की मे महिन्याचा विसर पडावा. जागा कशासाठी निवडली असेल, ते तिथे उभे राहिल्यावर समजते.

थोरलीने विचारले, “पण राजाने असं नाव का ठेवलं असेल?”

का ठेवले ते त्यांनाच माहीत. पण ते नाव कोल्हापुरात परके वाटले नसणार, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकलो. तू रोज ज्या खासबाग मैदानावरून शाळेत जातेस, त्यातला ‘खास’ अरबी आणि ‘बाग’ फारसी. १९१२ मध्ये महाराजांनीच ते कुस्तीचे मैदान बांधले. जुन्या राजवाड्यापुढचा नगारखाना, तोही तसाच शब्द. ‘नझीर’ म्हणजे जोड, बरोबरीचा. ‘बे’ म्हणजे वाचून. जिला जोड नाही ती बेनझीर. मराठीत आपण ‘नजर’ म्हणतो, कोर्टात ‘नाझर’ असतो. हे सगळे एकाच मुळाचे. शब्दांना कुणी पासपोर्ट विचारत नाही. ते येतात, राहतात, इथलेच होऊन जातात.

आणि फक्त शब्दच नव्हे. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग तिला ठाऊक होते, कारण तिचे दादा तिथेच राहून मॅट्रिक झाले. पण ते उभे कसे राहिले ते तिला माहीत नव्हते. १९०६ मध्ये महाराजांनी मुसलमान समाजातल्या मंडळींना बोलावून शिक्षण संस्था काढायला लावली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले. मुसलमान मुलांनी शिकावे यासाठी राजाला समाजाच्या मागे लागावे लागले, हे ऐकून थोरली हसली. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब याच दरबारचे गायक. ज्या दरबारात त्यांचे गाणे घुमले, त्या दरबाराच्या एका घराला बेनझीर नाव असणे यात काय आश्चर्य!

तेवढ्यात धाकट्याने कुठून तरी कोळशाचा तुकडा मिळवला. भिंतीवर बहिणीचे नाव लिहायला तो सरसावला. थोरलीने त्याच्या हातातून कोळसा काढून घेतला आणि पाण्याच्या दिशेने भिरकावला. “घाण करू नकोस,” एवढेच म्हणाली.

परत आलो तेव्हा दादी वाटच पाहत होती. साठ-पासष्ट वर्षे लांबून पाहिलेल्या घरात तिची नात जाऊन आली होती.

“आत काय आहे गं?”

“काही नाही दादी. भिंती आहेत नुसत्या. वारा मात्र खूप आहे.”

दादीने मान डोलावली. तिला वाईट वाटेल अशी आम्हाला भीती होती. पण ती म्हणाली, “बेनझीर तर एक अल्लाहचीच जात. घराला नाव दिलं म्हणून घर थोडंच टिकतं? पाणी बघा. ते टिकलं.”

तलावाच्या काठावर वजू करून जोहरची नमाज पढलो. धाकटा ओंजळीवर ओंजळी उडवत होता. त्याला सांगितले, वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्या पैगंबरांची (स.) शिकवण आहे. एरवी नळाखाली सांगितलेली ही गोष्ट पोरांच्या कानावरून जाते. त्या आटलेल्या तलावाकडे पाहून मात्र त्याने हात आखडला.

जेवण झाल्यावर दाजीपूरच्या रस्त्याने थोडे पुढे गेलो. जाळ्यांना करवंदे लगडली होती, पण अभयारण्यातून काही तोडायचे नाही म्हणून गावातल्या बायकांकडून द्रोणभर विकत घेतली. उतरत्या उन्हात झाडीच्या कडेला गवे दिसले. चार-पाच असतील. काळेभोर अंग, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. गाडी थांबवून, काचा बंद ठेवून, आवाज न करता पाहत राहिलो. एके काळी या रानात बंदुका घेऊन फक्त राजेलोक येत. आज शिंप्याच्या लेकीची नात मामूंच्या गाडीत बसून गवे पाहत होती आणि गवे निवांत चरत होते. हाही काळाचा न्यायच म्हणायचा.

परतीच्या वाटेवर थोरली दादीच्या खांद्यावर डोके ठेवून झोपून गेली. नावाबद्दल आम्ही तिला काही विचारले नाही. एका सहलीने वर्गातले बोलणे थांबत नाही, हे आम्हाला कळते. उद्याही कुणी काही म्हणेल. प्रत्येक वेळी तिला राधानगरीला नेता येणार नाही. मूल आपल्या नावाला बिचकते, तेव्हा त्याला धीर देण्याआधी त्या नावाची गोष्ट सांगायला हवी होती. ती आम्ही पंधरा वर्षे सांगितली नव्हती, कारण आम्हीच ती विचारली नव्हती. आपल्या घराघरांत अशा किती गोष्टी पलंगावर तसबीह ओढत बसल्या असतील!

जूनमध्ये शाळा सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी थोरली म्हणाली, “उद्या शाळेत या. ऑफिसात अर्ज द्यायचा आहे. नावाचा.”

आमच्या पोटात गोळा आला. पण आम्ही ठरवले होते, ती म्हणेल ते ऐकायचे. अर्ज तिने स्वतःच लिहिला होता. आम्ही सहीसाठी हातात घेतला आणि वाचला. शाळेच्या रजिस्टरात तिचे नाव पहिलीपासून ‘बेनजिर’ असे चुकीचे लिहिलेले होते. तेवढे दुरुस्त करून ‘बेनझीर’ असे लिहावे, अशी विनंती होती.

आम्ही सही केली. अल्हम्दुलिल्लाह.