अर्धी प्रदक्षिणा

शंकराच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा घालीत नाहीत. सोमसूत्रापर्यंत जावयाचे आणि आल्या पावली परतावयाचे. दिल्लीभोवतीच्या वर्तुळमार्गाचेही तसेच आहे. त्याचा पश्चिमेकडील अर्धा भाग कुंडलीपासून मानेसरवरून पलवलला जातो, तो सुमारे 135 किलोमीटरांचा. पूर्वेकडचा अर्धा बागपत, गाझियाबाद या बाजूने जवळजवळ तेवढाच. गाभाऱ्यात राजधानी. दर्शन मात्र कोणासच नाही. किंबहुना ते घडू नये म्हणूनच हा मार्ग झाला. दिल्लीशी ज्यांचे काम नाही अशा मालमोटारी बाहेरूनच वळवाव्यात, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली हे रस्ते बांधण्याचे फर्मान काढले. पश्चिमेचा रस्ता 2009 साली पुरा व्हावयाचा होता. तो मानेसर ते पलवल 2016 च्या एप्रिलात आणि कुंडली ते मानेसर 2018 च्या नोव्हेंबरात खुला झाला. सरकारी फायलींची चाल ज्यांस परिचित आहे, त्यांस याचे नवल वाटणार नाही.

आम्ही मानेसरला राहतो व केंद्र सरकारची कारकुनी करतो. येथून पलवलच्या अंगाला वळले, की वाटेत मुंबईकडे निघालेला नवा द्रुतगती मार्ग भेटतो; म्हणजे तोंड घराकडे. कुंडलीच्या अंगाला वळले, की पाठ. आजवर उन्हाळ्याच्या रजेत आम्हांस या निवडीचे कारणच पडले नाही. निजामुद्दीनला गोवा एक्सप्रेस धरावी व साताऱ्यास उतरावे, हा नेम. यंदा तो मोडला. गेल्या माघात मातुःश्री निवर्तल्या. घराला कुलूप आहे, किल्ली शेजारी. सेवापुस्तिकेत प्रवास सवलतीसाठी 'स्वग्राम' म्हणून अद्याप त्याच गावाचे नाव आहे. नियमाप्रमाणे ते साऱ्या नोकरीत एकदाच बदलता येते. आम्ही बदललेले नाही. बदलून लिहावयाचे तरी काय? मानेसर?

तेव्हा मुलांच्या आग्रहाने शिमला ठरले, तेही स्वतःच्या मोटारीने. अशा प्रवासास ती सवलत मिळत नाही, हे येथील वाचकांस सांगणे नलगे.

पहाटे पाचला निघूनही रस्ता मोकळा नव्हता. दोहों बाजूंस तीन-तीन पदर. जड वाहनांनी डावीकडे राहावे असा दंडक असला, तरी मालमोटारी उजव्या पदरात ठाण मांडून सावकाश चालतात आणि आमच्यासारख्या चिमुकल्या मोटारीस डावीकडून वाट काढावी लागते. हे धाडस नव्हे, निरुपाय आहे. सर्वांत भय वाटते ते नव्या मोटारी दुमजली पिंजऱ्यांतून वाहून नेणाऱ्या गाड्यांचे. मारुतीचा एक कारखाना मानेसरला, दुसरा 2025 पासून याच वाटेवरील खरखौद्याला. त्यामुळे त्यांना तोटा नाही. एकीच्या बाजूने पुढे जाऊ लागावे, तर ती संपतच नाही. मध्येच कडेला दिव्यावाचून उभा केलेला ट्रक धूसर उजेडातून एकाएकी समोर येतो. तशा वेळी सौ.चा हात आमच्या दंडावर पडे, आणि बराच वेळ कोणी बोलत नसे. फरुखनगर, बादली ही नावे पाट्यांवर येत व मागे पडत. गावे दिसत नसत. गहू निघालेली शेते, वीटभट्ट्यांची धुराडी, आणि उजव्या हातास क्षितिजावर एक करडा पट्टा. ती दिल्ली, असे आम्ही मुलांस सांगितले.

बहादुरगडच्या अलीकडे चहास थांबलो. शेजारच्या ट्रकवरील 'एमएच 10' हे आकडे मुलांनी आधी टिपले. सांगली! चालक पन्नाशीचे, चाकणहून मोटारींचे सुटे भाग घेऊन खरखौद्यास निघालेले.

"गावाकडं निघालाय जनू?"

"नाही काका, शिमल्याला."

"म्हंजी उलट्या अंगाला," ते म्हणाले. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता.

सात वर्षे ते या बाजूस येतात. दिल्ली त्यांनी पाहिलेली नाही. "आत शिरायचं कामच न्हाई, साहेब. भाईरनंच यायचं, भाईरनंच माघारी. धाकटी पोरगी इचारती, लाल किल्ला बघितला का? बघितला म्हनून सांगतो."

मग त्यांनी गावी कोण कोण असते ते विचारले. घराला कुलूप आहे, एवढेच आम्ही म्हणालो.

"मग वरसातनं एकदा कुलूप काढाय तरी जावा. गंजतंय ते."

चहाचे पैसे त्यांनी आम्हांस देऊ दिले नाहीत.

कुंडलीस टोल कापला गेला आणि आम्ही जुन्या ग्रँड ट्रंक रस्त्यास लागलो. 1760 च्या ऑक्टोबरात भाऊसाहेब याच दिशेने कुंजपुऱ्यावर गेले, आणि पाठीमागे अब्दाली बागपतपाशी यमुना उतरला. दिल्लीची, म्हणजे घराची, वाट तेथे तुटली. चिरंजीवांस पाठ्यपुस्तकामुळे एवढेच ठाऊक, की पुढे पानिपत येते. तेथे उतरावयाचे काय, असे तो दोनदा विचारून झाला. सौ. मात्र बोटे मोजीत होती. गोवा एक्सप्रेसचे आरक्षण आता साठ दिवस आधी खुलते. दिवाळीस जावयाचे, तर ते कोणत्या तारखेस करावे लागेल, याचा तिचा हिशेब चालला होता.